आमचा ठिपका

सायकल ही मी आयुष्यात दोनदा शिकलो. पहिल्यांदा दहाव्या वर्षी, भाड्याच्या सायकलवर, आणि दुसऱ्यांदा एकसष्टाव्या वर्षी, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. पहिल्या वेळची सायकल माझ्यापेक्षा उंच होती, त्यामुळे दांडीखालून पाय घालून ती चालवावी लागे. तासाला चार आणे भाडे. आपण किती अंतर गेलो हे तेव्हा कोणी विचारत नसे. तास संपला की दुकानदार रस्त्यावर येऊन बोंब मारी, आणि ती बोंब ऐकू येईल एवढ्याच अंतरात आम्ही फिरत असू. अंतर मोजायची ही पद्धत अत्यंत बिनचूक होती आणि तिला बॅटरी लागत नव्हती.

दुसऱ्या वेळेची कथा जरा निराळी आहे. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत माझ्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत डॉक्टरांनी दोन बारीक जाळीच्या नळ्या बसवल्या. नळ्या बसवायला पाऊण तास लागला, आणि त्यानंतर मी काय काय सोडायचे हे सांगायला दीड तास. तूप सोडा, मीठ सोडा, काळजी सोडा. सगळे सोडून झाल्यावर धरायला काहीतरी हवे म्हणून त्यांनी सायकल सुचवली. चिरंजीव टोरांटोत असतात. त्यांनी तिथून फोनाफोनी करून नेरूळच्या घरी एक सायकल पोहोचती केली, आणि पुढच्या खेपेला आले तेव्हा सामानातून ती डबी काढली.

डबी हे आमच्या हिने ठेवलेले नाव. चिरंजीव तिला बाइक कॉम्प्युटर म्हणतात. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, सायकलच्या हँडलवर पेढ्यासारखी बसवायची वस्तू. ती उपग्रहांशी बोलते. माझा वेग सांगते, अंतर सांगते, चढ किती टक्के आहे ते सांगते, छातीला पट्टा बांधला तर हृदयाचे ठोके सांगते. एवढी माहिती माझ्याबद्दल बँकेलाही नाही. शिवाय खिशातल्या फोनमार्फत ती मी कुठे आहे हे जगाला कळवत असते. जग म्हणजे टोरांटोत चिरंजीव आणि स्वयंपाकघरात ही. दोघांच्या फोनवर नकाशा उघडतो आणि त्यावर एक निळा ठिपका सरकत असतो. तो मी.

"लग्नाला छत्तीस वर्षं झाली," ही पहिल्या दिवशी तो ठिपका बघत म्हणाली, "पण तुम्ही कुठे आहात हे मला आत्ता कळायला लागलं."

यात टोमणा किती आणि समाधान किती हे मी अजून तपासून पाहिलेले नाही. पण एक गोष्ट खरी. या डबीच्या आधी माझ्या आणि चिरंजीवांच्या फोनवरच्या संभाषणाला फार तर दीड मिनिट पुरत असे. "कसे आहात?" "बरा आहे." "औषधं घेता ना?" "घेतो. तिकडे थंडी काय म्हणते?" "आहे." "बरं, आईला देतो." आता मी घरी आलो की माझी फेरी आपोआप त्याच्याकडे जाते, तो तिच्यावर अंगठा उमटवतो आणि मग फोन करतो. "बाबा, त्या पुलाच्या चढावर आज वेग कमी का झाला?" मी म्हणतो, "वारा समोरून होता." मग वाऱ्यावर पाच मिनिटे. माझ्या वडिलांनी माझ्या मॅट्रिकच्या निकालावर नुसते "हं" म्हटले होते. त्या मानाने अंगठा म्हणजे पुष्कळच झाला.

तेव्हा डबीला माझ्या लेखी काय महत्त्व आहे ते ध्यानात आले असेल. डबीत नोंद नाही ती फेरी झालीच नाही, या निर्णयाला मी फार लवकर येऊन पोहोचलो होतो. एकदा चाकावरच्या वेगमापकातला सेल संपला. तो सी-आर २०३२ नावाचा, चपट्या बटणासारखा असतो. या आकड्यात मोठे तत्त्वज्ञान असेल असे मला वाटले होते, पण व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर एवढाच त्याचा अर्थ. रविवारी सकाळी साडेसहाला दुकाने बंद. शोधता शोधता कळले की हिच्या वजनकाट्यात तोच सेल आहे. मी तो काढून सायकलला लावला. वजनकाटा महिनाभर बंद पडला तरी हिने अवाक्षर काढले नाही, म्हणजे तीही त्या चोरीवर खूष असावी.

आता त्या रविवारची हकीकत.

जानेवारी २०२६. नळ्यांना दोन वर्षे पूर्ण होत होती. तो वाढदिवस पन्नास किलोमीटर सायकल चालवून साजरा करायचा असे माझे आणि चिरंजीवांचे ठरले होते. तोवर माझी मजल तिसाच्या पुढे गेली नव्हती. त्याने तिकडे बसून नेरूळ ते उरण आणि परत असा रस्ता आखला आणि आदल्या रात्री तो डबीत पाठवून दिला. टोरांटोतल्या माणसाने नेरूळच्या माणसाला उरणचा रस्ता दाखवावा, हे मी निमूटपणे मान्य केले. आमचे नेरूळ हे आखीव शहर आहे. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यावी म्हणून १९७० साली सिडको स्थापन झाली, तिने भाताची शेते आणि मिठागरे मोजून सेक्टर पाडले, आणि रेल्वे खाडी ओलांडून १९९२ साली वाशीला आली तेव्हा तिच्या मागोमाग आम्ही आलो. तीस वर्षांत मला एवढेच कळले आहे की इथे सेक्टर १९ नंतर २० येईलच असे नाही. त्यामुळे उपग्रहाला विचारून चालण्यात मला कमीपणा वाटत नाही. आमच्या रिक्षावाल्यांपेक्षा तो उंचावरून तरी बघतो.

साडेसहाला निघालो. टोरांटोत तेव्हा शनिवारची रात्रीची आठ. जेवण उरकून चिरंजीव ठिपका बघायला बसणार होते. पाम बीच रस्ता त्या वेळी भाविक माणसासारखा शांत असतो. एका बाजूला इमारती, दुसऱ्या बाजूला खारफुटी, मधून फिरणारी माणसे, आणि नशीब असेल तर पाण्यात डोके खाली घालून उभे असलेले रोहित पक्षी. सायकल छान चालली होती. पुढच्या शनिवारच्या फोनवर काय बोलायचे याची मी मनातल्या मनात जुळवाजुळव करत होतो. बेलापूरचा किल्ला जंक्शन गेला, महापालिकेची घुमटवाली इमारत गेली, आणि मी उलव्याकडे जाणाऱ्या खाडीपुलावर चढलो. मधोमध आलो असेन, डबी एकदाच "टुँ" म्हणाली आणि थबकली.

थबकली म्हणजे बंद पडली नाही. बंद पडती तर बरे. पडद्यावर वेग १८.४, अंतर ६.८, आणि बाण सरळ पुढे. मी हळू झालो तरी १८.४. पूल उतरलो, पाय टेकून उभा राहिलो, तरी १८.४. जागच्या जागी उभे राहून ताशी १८.४ किलोमीटर वेगाने जाण्याचा अनुभव सरकारी नोकरीत मी पुष्कळ घेतला होता, पण निवृत्तीनंतर ही पहिलीच वेळ.

पुढे रस्त्याकडेला एक चहाची टपरी होती. तिथे सायकल लावली आणि डबीची बटणे दाबू लागलो. आपल्याकडे रस्त्यात कोणतेही यंत्र काढून त्याच्याकडे चिंताग्रस्त चेहऱ्याने बघू लागा. तीन मिनिटांत तज्ज्ञांची समिती बसते. चहावाला आला. बंदराकडे निघालेल्या कंटेनरच्या ट्रकचा ड्रायव्हर आला. शेजारीच पंक्चरचे दुकान होते, तिथले उस्ताद हात पुसत आले. उस्तादांनी डबी हातात घेतली, उलटी केली, कानाशी नेऊन हलवली आणि तिच्यावर एक जोरदार फुंकर मारली. ही फुंकर मी लहानपणापासून बघत आलो आहे. रेडिओ, घड्याळ, फाउंटन पेन, डोळ्यातले कुसळ, सर्वांवर एकच इलाज.

"साब, इसका चुंबक किधर है?" त्यांनी विचारले.

मी सांगितले की चुंबक नाही. पूर्वीच्या मीटरला चाकाच्या तारेवर चुंबक असे, तो प्रत्येक फेऱ्याला मोजणाऱ्या डोळ्यासमोरून जाई, आणि चाकाचा घेर दोन मीटर दहा सेंटिमीटर धरला की फेरे गुणिले घेर म्हणजे अंतर. त्यात न कळण्यासारखे काही नव्हते. आता हे सगळे आकाशातून येते.

उस्तादांनी आकाशाकडे पाहिले. ट्रकवाल्याने पाहिले. नेमके त्याच वेळी नव्या विमानतळावरचे विमान डोक्यावरून गेले. विमानतळ सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, त्यामुळे विमान दिसले की उलव्याची माणसे अजून मान वर करून उभी राहतात. "ये उसके वजह से होगा," ट्रकवाला ठामपणे म्हणाला. समितीला ते पटले.

इतक्यात एक तरुण सायकलवाला थांबला. अंगावर इतके घट्ट कपडे की ते त्याने घातले होते की रंगवले होते कळेना. त्याच्या हँडलवर माझ्याच जातीची डबी होती, आणि ती चालू होती. शेजाऱ्याची चालू गाडी पाहून आपल्या बंद गाडीचे दुःख जास्त होते.

"अंकल, हँग झालाय. पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा."

मी दाबून धरले. समितीने मोठ्याने पंधरापर्यंत आकडे मोजले. डबी काळी झाली, पुन्हा उजळली, उपग्रह शोधले, सापडले म्हणाली, "मागची फेरी पुढे चालू करू?" म्हणून विचारले. मी "हो" म्हटले. टुँ. १८.४.

असे चार वेळा झाले. प्रत्येक वेळी डबी झोपेतून उठून प्रसन्नपणे तोच प्रश्न विचारी आणि उत्तर मिळताच पुन्हा त्याच पुलाच्या मध्यावर जाऊन उभी राही. आमच्या ऑफिसात एक हेडक्लार्क होते, ते पंधरा दिवसांच्या रजेवरून आले तरी अर्धवट राहिलेल्या वाक्यापासूनच भांडण पुढे सुरू करत. त्यांची आठवण झाली.

"मग फॅक्टरी रीसेट मारा," तरुण म्हणाला. "सगळं पुसून जाईल, पण चालू होईल."

सगळे म्हणजे? तर आत्तापर्यंतच्या सगळ्या फेऱ्या, माझे वजन, उंची, वय, सगळे. मी डबी त्याच्या हातातून काढून घेतली. वय पुसून जायला माझी हरकत नव्हती. पण दवाखान्यातून आल्यावर तिसऱ्या महिन्यात केलेली ती पहिली फेरी, इमारतीभोवती दोन चकरा, १.१ किलोमीटर, तीही त्यात होती. त्या फेऱ्यांची नक्कल तिकडे चिरंजीवांपाशी आहे, काही जात नाही, हे मला नंतर कळले. त्या क्षणी वाटले की उस्तादांची फुंकर पत्करली.

"निदान फोन तरी बंद करून चालू करा," तो म्हणाला आणि निघून गेला. हा सल्ला निरुपद्रवी वाटला. मी फोन बंद केला. चालू करणार, तोच चहा आला. चहा उत्तम होता. आले घातलेले होते. बिनसाखरेचा मागायचे विसरलो, त्यामुळे तर अधिकच उत्तम होता. फोन तसाच खिशात गेला.

आता कबूल करायला हरकत नाही. पायात जोर होता, हवा थंड होती, रस्ता समोर होता, आणि उरण कोळीण टोपली घेऊन बसते तसे आपल्या जागी बसून होते. डबीवाचून उरणला जाता येत नाही असा काही कायदा नाही. पण मोजलेच जाणार नाही तर चालवायची कशाला, असा विचार मनात आला, आणि तो विचार मी चक्क पाळला. नऊ किलोमीटरवरून मागे फिरलो. दहाव्या वर्षीचा मी असतो तर त्याने मला दांडीखालून पाय घालून ओलांडून पुढे नेले असते.

परत पुलावर आलो तर मध्यावर ही गर्दी. मोटारी थांबलेल्या, पंधरा-वीस माणसे कठड्याला ओणवी होऊन पाण्यात बघताहेत. आपण मध्यमवर्गीय माणसे, पुढे जाऊन बघितल्याशिवाय घरी जाणे शक्य नसते. मी सायकल कठड्याला टेकवली आणि दोघांच्या मधून डोके घालून खाली पाहिले. खाडीचे मातकट पाणी, भरती चढलेली, बाकी काही नाही.

"काय झालं हो?" मी शेजारच्याला विचारले.

"सायकलवाला पडलाय."

"अरेरे! केव्हा?"

"झाला की तास होत आला. म्हातारा होता म्हणे. एकटाच."

"या वयात कशाला जातात हे लोक," मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो. शेजारी दिवाळ्याच्या कोळीवाड्यातले एक वयस्क गृहस्थ होते, त्यांनी पाण्याचा अंदाज घेत सांगितले, "आता भरती हाय. आता काय दिसनार नाय. ओहोटीला गावंल."

ओहोटीला गावेल हे ऐकून मला त्या म्हाताऱ्याबद्दल इतके वाईट वाटले की मी हेल्मेट काढून हातात घेतले. आणि हेल्मेट काढल्यामुळेच कठड्याच्या दुसऱ्या टोकाकडून एक किंकाळी आली. ती मला छत्तीस वर्षे ओळखीची होती.

झाले होते असे. सहा बावन्नला माझा ठिपका पुलाच्या मध्यावर थांबला. आता फोनवरचा नकाशा बारकाईने बघायला गेले की तो मोठा होतो, आणि मोठा करता करता पूल ही एक बारीकशी रेघ उरते. त्या रेघेच्या किंचित बाजूला, सर्व बाजूंनी निळ्याशार पाण्यात, मी. चिरंजीवांनी पंधरा मिनिटे धीर धरला. मला फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. मग आईला लावला.

"आई, घाबरू नकोस. बाबा वीस मिनिटं खाडीत आहेत."

"खाडीत काय करताहेत? त्यांना पोहता येत नाही!"

एरवी हिने त्याच्यावर विश्वास ठेवला नसता. पण जुलै २०२५ मध्ये याच पुलापाशी मध्यरात्री एक मोटार, नकाशात बघत येत असताना, पुलावर चढायची ती खालच्या रस्त्याने धक्क्यावर गेली आणि सरळ खाडीत उतरली होती. आत एक बाई होत्या, सागरी पोलिसांनी त्यांना वाचवले. ती बातमी हिनेच मला मोठ्याने वाचून दाखवली होती, आणि वर "तुम्ही पण त्या डबीत बघत बघत चालवता," असे म्हटले होते. तेव्हा भविष्य खरे ठरल्याचा धक्का आणि भविष्य खरे ठरल्याची खात्री, दोन्ही एकदमच. सोसायटीच्या सेक्रेटरींनी गाडी काढली आणि दोघे पुलावर आले. मग एक मोटार थांबली म्हणून दुसरी थांबली, दोन माणसे बघतात म्हणून वीस बघू लागली.

ही माझ्याजवळ आली. मला वाटले, आता व्याख्यान सुरू होणार. पण तिने काहीच म्हटले नाही. नुसता सायकलचा हँडल धरला आणि सोडला नाही. सेक्रेटरी जमलेल्या लोकांना "मिळाले, मिळाले" असे सांगत होते, जसा मी रुमाल होतो. कोळीवाड्याचे गृहस्थ मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून "कोरडा हाय की" म्हणाले आणि काहीशा निराशेने निघून गेले. मी खाली पाहिले. हिच्या एका पायात तिची चप्पल होती आणि एका पायात माझी.

"फोन," ती अखेरीस म्हणाली.

मी खिशातून काढून दाखवला. तो बंद का आहे हे सांगताना समितीची, उस्तादांची, पंधरा सेकंदांची सगळी हकीकत सांगितली. फक्त चहात साखर होती एवढे गाळले.

संध्याकाळी आमच्या घरी मोठी बैठक झाली. टोरांटोत तेव्हा रविवारची सकाळ. चिरंजीव फोनच्या पडद्यावर दाढी न केलेल्या स्थितीत हजर. सेक्रेटरी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे तार असो वा नसो, त्यांचा अधिकार चालतो. त्यांनी प्रथम सर्वांना विषय समजावून दिला. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येक उपग्रह सारखा एकच गोष्ट सांगत असतो, मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत. ते सांगणे खाली यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. किती उशिरा आले यावरून उपग्रह किती दूर ते कळते, आणि असे चार उपग्रह मिळाले की आपली जागा ठरते. तिनावर भागले असते, पण चौथा लागतो तो आपल्या डबीतल्या स्वस्त घड्याळाची चूक काढायला.

"म्हणजे आमच्याकडे मीच चौथी," ही आतून म्हणाली.

पुढे आइन्स्टाइन आले. वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून उपग्रहातले घड्याळ पुढे जाते, वेगामुळे थोडे मागे पडते, आणि वजाबाकी करून दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे. एवढे दुरुस्त केले नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरची चूक होईल. दहा किलोमीटर म्हणजे नेरूळचा माणूस जवळजवळ पनवेलात. मला खाडी त्या मानाने जवळ वाटली. सेक्रेटरींचा स्वतःचा संशय मात्र कॅलेंडरवर होता. जीपीएसमध्ये आठवडे मोजतात ते १०२४ झाले की पुन्हा शून्यापासून. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री असे झाले होते आणि काही जुन्या यंत्रांच्या तारखा वीस वर्षे मागे गेल्या होत्या.

"पण काका, पुढचा शून्य नोव्हेंबर २०३८ मध्ये आहे," चिरंजीव म्हणाले.

"तेव्हा यांनी काळजी घ्यावी," सेक्रेटरी म्हणाले. २०३८ पर्यंत मी सायकल चालवीन याची त्यांना इतकी खात्री आहे हे ऐकून मला गहिवरून आले. एवढी खात्री डॉक्टरांनीही दिली नव्हती.

उपग्रहांचा मात्र यात काही दोष नव्हता. आइन्स्टाइनचाही नव्हता. डबी वायरने कॉम्प्युटरला जोडली तर तिच्या आतले कप्पे दिसतात, हे मला ठाऊकच नव्हते. चिरंजीव सांगत गेले आणि मी एका बोटाने उघडत गेलो. "बाबा, तो नव्हे, त्याच्या खालचा. हां. आता त्यात काल रात्रीची एक फाइल दिसेल." दिसली. मी आदल्या रात्री डबी चार्जिंगवरून घाईघाईने ओढली होती, तेव्हा त्याने आखलेला रस्ता तिच्यात अर्धाच उतरला होता. डबीला पुलाच्या मध्यापर्यंतच ठाऊक होते. त्यापुढे जगच नव्हते. दर वेळी उठवले की ती इमानाने तो रस्ता उघडायची आणि तिथे जाऊन अडकायची. पंधरा सेकंद दाबून उपयोग नव्हता, फुंकरीचाही नव्हता. "अंकल, रस्ता बंद करून नुसती चालवा" एवढे कोणी सांगितले असते तर मी उरणला पोहोचलो असतो.

"पुसून टाका," चिरंजीव म्हणाले.

मी पुसली. डबी सुटली, टुँ म्हणाली आणि ० दाखवू लागली. इतके सुंदर शून्य मी बरेच दिवसांत पाहिले नव्हते.

"मीच नीट गेली का बघायला हवी होती," पडद्यावरून आवाज आला. त्याचा चेहरा उतरलेला होता. शनिवारची रात्र त्याने कशी काढली असेल ते मला तेव्हा उमगले. खाली गेलेला मी, आणि तो बारा हजार किलोमीटरवर एका ठिपक्याला धरून बसलेला. "तसं काही नाही रे," मी म्हणालो, "वारा समोरून होता." यावर तो हसला. मग वाऱ्यावर पाच मिनिटे बोललो, आणि त्यात दाढीवरही थोडे.

आता राहता राहिला हिशेब. डबीत नोंद ६.८ ची. प्रत्यक्षात मी नऊ जाऊन नऊ आलो होतो, पैकी परतीच्या वाटेवरचा काही भाग हिने हँडल धरल्यामुळे पायी. बाकीच्या ११.२ ना पुरावा काय? मी हळहळत होतो ते हिने ऐकले असावे. आत जाऊन तिने दुधाच्या हिशेबाची वही आणली, चष्मा लावला आणि "रविवार, दूध १ लिटर" याच्याखाली लिहिले: "हे सायकलने उलव्याच्या पुढे जाऊन परत आले. एकूण १८. कोरडे. मी स्वतः पाहिले." खाली सही केली, पूर्ण नावाची, बँकेत करते तशी.

चिरंजीवांनी पानाचा फोटो मागवून घेतला. थोड्या वेळाने त्यावर अंगठा आला.

"उरण कधी?" त्याच्या खाली त्याने विचारले होते.

"पुढच्या रविवारी," मी लिहिले.

"त्याला सांगा, मी पण येणार आहे," ही म्हणाली. "सेक्रेटरींच्या गाडीतून. मागून. आणि चहा बिनसाखरेचा."

हिला साखरेचे कसे कळले, हे मी अजून शोधतो आहे. ठिपक्यात ते दिसत नाही असे चिरंजीव शपथेवर सांगतात.